नागपूरहून आणलेला दगड

नागपूरला जाऊन आलेला माणूस संत्र्यांची करंडी आणतो, ती नाही मिळाली तर संत्र्याची बर्फी आणतो. मी दगड आणला. हातभर लांबीचा, सिमेंटचा, डोक्याला लाल रंग फासलेला. हमालाने तो दारात उतरवला तेव्हा बायकोने आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बर्फी संपली होती वाटतं."

तेव्हापासून जो घरी येतो तो दगडाबद्दल विचारतो आणि दर वेळी तीच हकीकत सांगून माझं तोंड दुखायला लागलं आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नागपूर फक्त स्टेशनाच्या फलाटावरून पाहिलेल्यांना त्यात थोडं नागपूरही मिळेल. मात्र फार उत्साहाची अपेक्षा ठेवू नका. माझ्यात तो आता उरलेला नाही.

स्टेशन

मार्चमधली सकाळ. गाडीतून उतरलो तर स्टेशनाबाहेर तुळशीराम उभा. हा आमच्या खात्याने भाड्याने घेतलेल्या जीपचा ड्रायव्हर. चाळिशीचा, अंगाने किडकिडीत, बोलणं मात्र ऐसपैस.

"बॅग द्या न साहेब, काहून लटकवून राहिले?" म्हणत त्याने बॅग ओढून घेतली आणि विश्रामगृहाआधी मला एका टपरीवर नेलं. तिथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि त्याला तर्री म्हणतात. आमच्या कोल्हापुरात पोहे हे पाहुण्याला आणि आजाऱ्याला द्यायचं सौम्य खाणं. इथे त्यांना झणझणीत करून सोडलं होतं. दोन घास खाल्ले आणि माझ्या कपाळावर घाम आला. ऊनही एव्हाना वर आलं होतं, त्यामुळे कुठला घाम कशाचा ते कळेना.

"काय काम काढलं साहेब? वीज करायचं न?" तुळशीरामने विचारलं.

मी हो म्हणालो. खरं काम सांगायला बसलो असतो तर दुसरी प्लेट मागवावी लागली असती. तुम्हाला मात्र सांगायलाच हवं. आमचं खातं अणुशक्तीवर चालणारी वीजकेंद्रं बांधतं आणि मी त्यात स्थापत्य अभियंता आहे. जागा शोधणारे वेगळे, बांधणारे वेगळे, चालवणारे वेगळे. माझ्या वाट्याला आलंय ते केंद्र म्हातारं झाल्यावर बंद कसं करायचं, उकलायचं कसं, याचा आराखडा. तोही ते बांधायच्या आधी. ऑफिसातले लोक मला बारशाला बोलावलेला मर्तिकाचा भटजी म्हणतात. मला आता त्याचं वाईट वाटत नाही.

यासाठी मला काही महिने एका थंड देशात पाठवलं होतं. तिथे एक लहानसं जुनं केंद्र उकलायचं काम चालू होतं. बांधणारे केव्हाच निवृत्त झाले होते, काही वारले होते. नकाशात भिंतीच्या डावीकडे दाखवलेला पाइप प्रत्यक्षात उजवीकडे निघायचा. माणसं अंगावर कपड्यांचे थर चढवून आत जायची, थोडा वेळ कापाकापी करून बाहेर यायची, मग दुसरी जायची. जमिनीचा वरचा पापुद्रा खरवडून पिंपात भरत होते. ती पिंपं ठेवून घ्यायला मात्र एकही गाव तयार नव्हतं. आणि मुख्य भट्टीचा भाग तर तसाच झाकून ठेवला होता; पुढच्या पिढीने, त्याच्या अंगातली धग उतरली की बघावं म्हणून. त्याच केंद्राच्या विजेच्या दिव्यांखाली वाढलेल्या त्या शहरात कुणी त्या इमारतीकडे मान वर करून बघत नसे. मी तिथून परतलो तो थकूनच.

सक्करदरा

दुसऱ्या दिवशी तुळशीरामने जेवायला घरी नेलं. सक्करदऱ्याच्या तळ्यापासून जवळच त्याचं घर. पिढ्यान्‌पिढ्या कोष्टी. बापापर्यंत घरात माग होता, तुळशीरामच्या हातात मात्र जीपचं चाक आलं. दार उघडताच मसाल्याचा असा वास आला की माझ्यातला कोल्हापूरकर ताठ बसला.

आम्ही तिखटाची फार फुशारकी मारतो. ती माझी त्या दिवशी उतरली. तुळशीरामची बायको कौसल्या हिने सावजी मटणाचा रस्सा वाढला. काळपट, वर तेलाचा बोटभर थर. सोबत ती मडक्यावर भाजलेली, धोतरासारखी लांबरुंद पातळ पोळी. आमचा तांबडा रस्सा जिभेला लागतो. हा थेट कानातून निघतो.

"घ्या न भाऊ. तिखट तं नाई झालं?" कौसल्याने विचारलं.

"नाही, नाही," मी डोळे पुसत म्हणालो.

"पाहुन्याले पानी दे वं आधी," तुळशीराम म्हणाला, "रडून राहिले ते."

मी पाण्यासाठी हात पुढे केला आणि खुर्चीचा मागचा पाय जमिनीत गेला. खरोखर गेला. मी तिरपा झालो, वाटी तिरपी झाली आणि तो सगळा काळा रस्सा माझ्या पांढऱ्या पॅन्टवर आला. मी एकच पॅन्ट नेली होती. दुसरी बॅगेत ठेवली असं मला घरून निघाल्यापासून वाटत होतं.

"तिथं काहून बसवलं वं त्याईले!" तुळशीराम बायकोवर ओरडला. मग मला म्हणाला, "माफ करा साहेब. तिथं बापाचा माग होता. खाली खड्डा. त्यात पाय सोडून बसावं लागे. बाप गेला, माग इकला, म्या खड्डा भरला. विटा टाकल्या, मुरूम टाकला. पन दर पावसाळ्यात थो बसते. म्या भरतो, थो बसते."

कौसल्या पुसायला फडकं घेऊन आली होती. "आमी तिथं कोनाले बसवत नाई भाऊ," ती म्हणाली. "तुमी नवे, म्हून इसरली."

गांधीबाग

पॅन्टचा डाग साबणाने गेला नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी गांधीबागेत जावं लागलं. तिथे कापडाच्या थानांची नुसती भिंत असते आणि व्यापारी गादीवर बसून भाव बोटांवर सांगतात. पण सगळी ठोक बाजारपेठ. एका माणसापुरतं कापड मागितलं की ते दया आल्यासारखे बघतात. फिरून फिरून पाय दुखले. शेवटी एका दुकानात तयार पायजमे मिळाले, तेही भलत्याच मापाचे. नाडी आवळून मी त्यातला एक घातला. त्यावर ऑफिसचा बुशशर्ट. आरशात मला माझे आजोबा दिसले.

"आता जमले तुमी," तुळशीराम म्हणाला. "आता गाववाले बसू देतीन तुमाले."

थट्टाच होती ती. पण पुढे जे झालं त्यात त्या पायजम्याचाही हात होता, असं मला अजून वाटतं.

मौद्याच्या पुढे

भंडाऱ्याच्या रस्त्याने निघालो. कन्हानचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना पळस फुललेले दिसू लागले. पान एकही नाही, नुसता केशरी रंग. असं काही पाहिलं की एरवी मी गाडी थांबवतो. या वेळी थांबवली नाही, कारण थांबलो की ऊन आत येत होतं. मौद्याच्या पुढे रस्त्याकडेच्या माळावर लाल मिरची वाळत पसरलेली, बाया डोक्याला फडकी बांधून देठं खुडत बसलेल्या. या जागेला इकडे सातरा म्हणतात. वाऱ्याची एक झुळूक आली आणि जीपमध्ये आम्ही दोघे शिंकून बेजार झालो.

नदीकाठच्या त्या गावाचं नाव मी देत नाही. बिचाऱ्यांना आधीच पुष्कळ त्रास झाला आहे. आमच्या खात्याची आधीची तुकडी तिथे मोजणी करून गेली होती, खुणेचे दगड पुरून गेली होती आणि गावाने जमीन द्यायला संमती दिल्याचं मुंबईत कळवून गेली होती. मला माती, पाणी, रस्ता बघायचा होता आणि माझ्या आराखड्यासाठी जरा अंदाज घ्यायचा होता.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या बांधावर, सोनबाजी वाट बघत होते. सत्तरीचे, उंच, पांढऱ्या मिशा, खांद्यावर कोरा दुपट्टा. त्यांचं वावर आमच्या आखणीच्या बरोबर मध्यावर. त्यांनी माझ्या पायजम्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"म्या म्हनलंच होतं," ते तुळशीरामला म्हणाले, "पॅन्टवाले येऊन मोजून जातेत. बोलनी कराले खरा मानूस वेगळा यीन."

मग त्यांनी मला वावर दाखवायला सुरुवात केली. धुऱ्याधुऱ्याने, उन्हातून, चारी कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून तिथला दगड पायाने हलवून दाखवायचे. "पाहून घ्या. पक्का हाये." मोहाचं झाड आलं, त्याला थाप मारली. "हे तोडाचं नाई." विहीर आली. आत वाकून बघायला लावलं. "पानी पाहून घ्या. काठ साबूत हाये का नाई?" मी साबूत आहे म्हणालो. "तुमी म्हनले बरं. तुळशीराम, आयकून ठेव गा." एका जागी धुरा फुटला होता, तोही त्यांनी प्रामाणिकपणे दाखवला. "हा पयलेच फुटेल हाये. हा तुमच्यावर नाई."

म्हातारे भारीच हट्टी आणि मिजाशी. मी सावलीत बसू म्हटलं तर म्हणाले, आधी फेरी पुरी करू. माझं डोकं भणाणलं होतं, चपलेत ढेकळं शिरत होती. मला वाटलं, जमीन सोडताना म्हाताऱ्याचा पाय निघत नाहीये, दाखवू दे. वावराच्या मधोमध आमच्या तुकडीने पुरलेला लाल डोक्याचा दगड होता, तेवढा मात्र त्यांनी दाखवला नाही. वळसा घालून गेले.

शेवटी मोहाखाली बसवलं, गूळ-पाणी दिलं. सून पार्बती घागर घेऊन आली होती. तिशीची बाई, डोक्यावरून पदर. तिने माझ्याकडे नीट न्याहाळून पाहिलं. सोनबाजींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "झालं," म्हणाले.

परत येताना मी तुळशीरामला विचारलं, "म्हातारबुवांनी एवढं काय फिरवलं रे?"

तो म्हणाला, "साहेब, तुमाले नाई समजलं? तुमी वावर मक्त्यानं घेतलं न आता."

"काय?"

"मक्त्यानं. दुसऱ्याचं वावर वाहाले घेतलं का पयले असंच फिरून पाहाव लागते. काय कसं हाये ते. मंग मुदत सरली का पाडव्याले जसं होतं तसं वापस कराव लागते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून, वखर मारून. तवाबी दोघं असेच फिरतेत."

"पण आम्ही जमीन विकत घेतोय, कायमची!"

"असं कोन म्हनलं?" तुळशीरामने जीप हळू केली. "तुमच्या पयल्या साहेबायनं सभेत सांगलं, का हे केंद्र तीस वर्सं चालन, तेवढंच त्याचं आयुष्य. गाववाले म्हनले, मंग ठीक हाये. तीस वर्सांचा मक्ता. म्हून तं सारे राजी झाले. सोनबाजीनं तं नातू बी ठरवला, वावर कोनाले वापस घ्याचं ते."

मी कपाळाला हात लावला. माझी सगळी नोकरी केंद्रं कशी बंद करायची याच्या विचारात गेली आणि इथे एक गाव होतं, ज्याने आमच्या आधी त्याचाच विचार केला होता. फक्त त्यांचा हिशेब पाडव्यापर्यंतचा होता. केंद्र थांबलं म्हणजे काम संपलं, असं धरून ते चालले होते. वर्षानुवर्षं मी परदेशी अहवालांत वाचत आलो होतो की खरं काम तिथून सुरू होतं.

विश्रामगृहातून मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. खरखरीतून त्यांचा आवाज आला, "संमती आहे ना?"

"चुकीच्या समजुतीवर आहे साहेब."

"ते तीस वर्षांनंतरचं. तेव्हा मी नसेन, तूही नसशील. तू माती बघ."

"पण माझा तर आराखडाच तीस वर्षांनंतरचा आहे."

"म्हणूनच म्हणतो, तिथे बोलू नकोस," ते म्हणाले आणि लाइन गेली. ती आपोआप गेली की त्यांनी फोन ठेवला, हे मी विचारलं नाही.

चावडी

दुसऱ्या दिवशी गावात शेवटची सभा ठरली होती. चावडीत पन्नासेक माणसं, बाया दारापाशी. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो. खरं सांगायचं तर गप्प बसावं असंही वाटत होतं. अंग मोडून आलं होतं, पोटात अजून सक्करदऱ्याचा रस्सा पेटलेला होता आणि वर्षभरात निवृत्ती होती. पण सोनबाजी पुढे बसून सगळ्यांना सांगत होते की यांनी वावर पाहून घेतलं, माणूस खरा आहे. ते ऐकून मला बसवेना.

मी उठलो आणि म्हणालो की हा मक्ता नाही. खातं जमीन कायमची घेणार आहे आणि तीस वर्षांनी ती परत मिळणार नाही.

आधी कुणाला ऐकूच आलं नाही, किंवा ऐकू आलं ते पटलं नाही. मग एकजण म्हणाला, "काहून? केंद्र बंद होईन मंग तुमाले कायले पायजे?"

"बंद होईल, पण विझणार नाही," मी म्हणालो. "चुलीतली लाकडं जळाली की चूल थंड होते. ही भट्टी तशी नाही. तिच्या भिंतीसुद्धा आतून बिघडतात. त्यांच्याजवळ जाता येत नाही."

"पाडून टाका."

"लगेच पाडता येत नाहीत. आधी कितीतरी वर्षं नुसतं थांबायचं. मग तुकडे करायचे."

"मंग तुकडे फेकून द्या दूर."

"ते कुठलंच गाव घेत नाही," मी म्हणालो. "मी पाहिलंय."

चावडीत कुजबुज झाली. सोनबाजी मात्र हलले नाहीत. त्यांनी विचारलं, "आन तवपर्यंत? थांबाचं म्हनता, तं राखन कोन करन?"

"खातं करेल. पहारा ठेवेल."

"तुमी असान?"

"मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय."

कोणीतरी हसलं. सोनबाजी हसले नाहीत. दारापाशी पार्बती उभी राहिली. सासऱ्यासमोर भर सभेत बोलायची तिथे बाईला सवय नसते. सगळे वळून बघायला लागले.

"मामाजी माह्या पोराले सांगून राहिले होते, का तुले वावर भेटन," ती मला म्हणाली. "मंग आता त्याले काय देसान साहेब? राखनदारी?"

माझ्या आराखड्यात कापायची हत्यारं होती, पिंपं होती, थांबायची वर्षं होती. राखण करणारा माणूस कुणाचा मुलगा असेल, हे त्यात कुठेच नव्हतं. मला त्या क्षणी फार लाज वाटली आणि फार थकवा आला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

सभा आरडाओरडीतच संपली. बाहेर आल्यावर सोनबाजींनी मला गाठलं. दुपट्टा त्यांनी काढून हातात घेतला होता.

"मंग माहं वावर वापस करा," ते म्हणाले.

"अजून घेतलेलंच नाही सोनबाजी, कागद कुठे झालाय?"

"तुमी माह्यासंगं फिरले न? मंग आता वापस बी तसंच फिरून करा. उद्या सकाळी."

सब्बल

सकाळी पुन्हा तीच फेरी, उलट्या दिशेने. या वेळी सोनबाजी मालक आणि मी सोडून जाणारा. कोपऱ्यांवर ते दगड हलवून बघायचे आणि माझ्याकडे संशयाने पाहायचे. विहिरीत वाकले. मोहाभोवती फिरून सगळ्या फांद्या बघितल्या. दोन दिवसांत मी काय करणार होतो? पण ते चेष्टेत घेत नव्हते, म्हणून मीही घेतलं नाही. मग ते मधोमध येऊन थांबले.

"हा?"

आमच्या तुकडीचा दगड. माझ्या लक्षात आलं की फेरी पुरी व्हायची तर हा काढावा लागणार. खात्याची खूण काढायचा मला काही अधिकार नव्हता. मी काढायला लागलो. आधी हाताने, मग लाथेने. हलेना. आमच्या लोकांनी तो खाली काँक्रीट भरून पुरला होता. आमचे लोक काम पक्कं करतात. तुळशीरामने गावातून सब्बल, म्हणजे आमच्याकडची पहार, आणली. त्याने खणलं, मी खणलं, सोनबाजी धुऱ्यावर बसून चुका काढत होते. पायजम्याची नाडी दोनदा तुटली. पुरायला त्या लोकांना कितीसा वेळ लागला असेल? आमची अर्धी सकाळ गेली.

दगड निघाला आणि मागे मोठा खड्डा राहिला. मी शेजारची ढेकळं त्यात लोटली. सोनबाजींनी मान हलवली.

"बसन ते. दोन पावसाळे जातीन, बसत राहीन. वर ढिगारा करा."

तुळशीरामने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय आठवलं असेल ते मला समजलं. आम्ही माती आणली, चोपली, वर ढीग केला. सोनबाजी त्यावर जाऊन उभे राहिले, दोन पावलं आपटली आणि म्हणाले, "आता भेटलं वावर."

"मग हा दगड?" मी विचारलं.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. मी तो धुऱ्यावर ठेवायला गेलो, तर धुऱ्यापलीकडचा शेजारी धावत आला. सरकारी गोटा ज्याच्या हद्दीत, त्याचं वावर सरकारचं, अशी त्याची पक्की समजूत. नदीत टाकू म्हटलं तर सोनबाजी म्हणाले, "खालच्या गावाच्या घाटावर जाईन. त्याईनं काय पाप केलं?" देवळामागे ठेवू म्हटलं तर चारजण आडवे आले. शेवटी तो जीपमध्ये चढला.

"पन एक गोष्ट आयका साहेब," सोनबाजी खिडकीशी येऊन म्हणाले. "हा गोटा कोनाच्याबी वावरात जाऊ देजा नोको. वचन द्या."

मी दिलं. थकलेला माणूस पटकन वचन देतो.

परतीची गाडी

तुळशीरामच्या घरी उतरवू म्हटलं, तर कौसल्याने दारातच हात आडवा केला. "सरकारी गोटा घरात? उद्या घर मोजाले येतीन, मंग?" आणि तिने आतल्या त्या खचलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. एक खड्डा पुरे, असं तिला म्हणायचं असावं. आमच्या खात्याच्या नागपुरातल्या लहानशा ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने हा दगड पुरलेल्या साहित्यात दाखवला आहे, त्यामुळे जमा करून घेता येत नाही असं सांगितलं. विश्रामगृहाच्या चौकीदाराने तर ऐकूनच घेतलं नाही.

स्टेशनावर तुळशीरामने तो माझ्या बाकाखाली ढकलला. संत्र्याची बर्फी घ्यायला वेळ उरला नाही. गाडी हलताना तो म्हणाला, "जपून नेजा साहेब," आणि हसला. शेजारच्या प्रवाशाने देव आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो, सोपं पडलं.

मुंबईत मोठे साहेब माझ्यावर तासभर चिडले. गावाने संमती मागे घेतल्याचं एव्हाना त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यांनी जागा रद्द केली नाही, विचाराधीन ठेवली. म्हणजे कधीतरी दुसरी तुकडी जाईल, दुसरा दगड पुरेल. माझा आराखडा मी पूर्ण केला. त्यात राखणदारांचं एक प्रकरण घातलं; ते साहेबांनी वगळायला सांगितलं, मी वगळलं नाही. पुढे काय होतं ते बघायला मी तिथे असणार नाही.

दगड आता गॅलरीत आहे. बायकोने त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवून पाहिली, ती डुगडुगते म्हणून काढली. गेल्या रविवारी माझ्या मुलाने गॅलरी आवरता आवरता विचारलं, "बाबा, हे काढून टाकू का?"

"टाकशील कुठे?"

"कुठेही. खाली मैदान आहे."

मी त्याला सगळं सांगितलं. सोनबाजींना दिलेलं वचन, शेजाऱ्याची भीती, नदीचा घाट. त्याने शांतपणे ऐकलं. गुणी मुलगा आहे.

"बरं, तुम्ही आहात तोवर राहू दे," तो म्हणाला. "पण नंतर? मी काय करायचं याचं?"

पार्बती दारापाशी उभी राहून जशी माझ्याकडे बघत होती, तसाच तो बघत होता. आणि मला जे म्हणायचं नव्हतं तेच तोंडून गेलं.

"काही नाही रे. नुसती राखण करायची."